सागरी भाडें आणि वऱ्हाडचा कापूस

आमच्या जिल्ह्यांतील कास्तकाराची अशी समजूत आहे कीं, कापसाची गाडी खामगांव, मलकापूर किंवा नांदुरा येथील बाजारांत रिकामी झाली, मापाऱ्यानें वजन पुकारलें आणि हातांत चिठ्ठी पडली, म्हणजे त्या मालाशीं आपला संबंध सुटला. पुढें त्या रुईच्या गाठी कोठें गेल्या, सूत कोणीं कातलें, कापड कोणत्या बंदरांतून परदेशीं रवाना झालें, हा व्यापाऱ्यांचा प्रश्न. आपण नांगर आणि पाऊस पाहावा. ही समजूत फार तोट्याची आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. समुद्र आमच्या जिल्ह्यापासून दूर असला तरी समुद्रावरील भाडें आमच्या बांधापर्यंत येऊन पोहोंचतें, आणि तें नकळत येत असल्यामुळेंच अधिक जाचतें.

आम्हीं व्यापारी नव्हे. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कचेरींत कागद लिहिण्यांत गेलें. पिकाच्या आणेवारीचे तक्ते आम्हीं पुष्कळ तयार केले. त्या तक्त्यांत पेरा, पाऊस, कीड आणि उतारा यांस रकाने असत. जहाजाच्या भाड्यास रकाना नसे. बारा आणे पीक येऊनही कास्तकार कर्जांत कां राहिला, याचा उलगडा त्या तक्त्यावरून कधींच होत नसे. म्हणून जो रकाना सरकारी तक्त्यांत नाहीं, तो वाचकांपुढें मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

थोडें मागें वळून पाहूं. वऱ्हाडचा कापूस एके काळीं लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून सुमारें पांचशें मैल दूर गंगेकांठच्या मिर्झापुरास जात असे. इ. स. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी व पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनीं पांचशें बैलांवर कापूस लादून तो मुंबईस पाठविला. वऱ्हाडच्या कापसानें समुद्राची वाट धरल्याची ही आरंभींची मोठी नोंद होय. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तेथील बंदरें अडलीं आणि विलायतेंतील गिरण्या कापसावांचून उपाशी राहूं लागल्या. त्या वर्षांत आमच्या कापसास पूर्वीं कधीं न ऐकलेला भाव आला. युद्ध संपतांच तो भाव कोसळला. ज्यांनीं तेजी कायमची समजून कर्जें काढलीं, त्यांच्या जमिनी सावकाराकडे गेल्या. युद्ध हजारों कोसांवर झालें. परंतु त्याची तेजी आणि मंदी दोन्हीं वऱ्हाडांत भोगावीं लागलीं.

१८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला. १८७० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं खामगांवची आगगाडी सुरू केली. त्या वेळीं खामगांव अकोला जिल्ह्यांत होतें. १९०५ च्या फेररचनेंत तें बुलढाणा जिल्ह्यास जोडण्यांत आलें. जलंब ते खामगांव हा फाटा मैलांच्या हिशेबानें अगदीं लहान. परंतु त्याचा हेतु लहान नव्हता. बाजारांतील गाठ थेट मुंबईच्या गोदीवर आणि तेथून विलायतेस पोहोंचावी, यासाठींच तो झाला. त्याच वर्षीं समुद्राखालून तारायंत्र मुंबईस येऊन पोहोंचलें. तेव्हांपासून खामगांवचा भाव खामगांवांत ठरेनासा झाला. विलायतेच्या बाजारांत आमच्या मालास ‘ऊमरा’ म्हणत. हें अमरावतीच्या नांवाचेंच अपभ्रष्ट रूप होय. आमच्या गांवाचें नांव तेथें पोहोंचलें, परंतु त्या नांवानें चालणाऱ्या व्यापारांत आमचा हात नव्हता. तींच जहाजें परततांना मँचेस्टरचें कापड घेऊन येत, आणि आमचे कोष्टी व साळी आपले माग सोडून मजुरीच्या शोधांत फिरत.

आतां भाड्याचा हिशेब पाहूं. परदेशांतील गिरणीवाला किंवा कापड-दुकानदार माल त्याच्या दारीं केवढ्यास पडतो येवढेंच पाहतो. त्या किमतींतून जहाजाचें भाडें, विमा, बंदराचा खर्च, आगगाडीचें वा मोटारीचें भाडें, जिनिंग-प्रेसिंगची मजुरी, दलाली आणि व्याज वजा होत होत जें उरतें, तो कपाशीचा भाव. समजा, परदेशांत एका मालाचे शंभर रुपये येतात आणि जहाजाचें भाडें तीन रुपयांनीं वाढलें. हे तीन रुपये कोण देणार? दलालाची दलाली ठरलेली, प्रेसवाल्याची मजुरी ठरलेली, पेढीचें व्याज तर कधींच कमी होत नाहीं. परदेशी गिऱ्हाइकास दुसऱ्या देशाचा माल मिळत असेल, तर तो एक पैही अधिक देणार नाहीं. मग उरतो तो साखळीचा शेवटचा दुवा, म्हणजे कास्तकार. मालाची टंचाई असेल तेव्हां हें ओझें गिऱ्हाइकावर ढकलतां येतें, हें आम्हीं नाकारीत नाहीं. परंतु दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान देणेकरी दारांत उभे असतां माल रोखून धरण्याची ताकद किती जणांस असते?

यावर कोणी म्हणेल कीं, आज आपल्या देशांतील बहुतेक कापूस देशांतल्या गिरण्यांतच कातला जातो. मग जहाजाचा संबंध कोठें राहिला? संबंध तुटला नाहीं, रूप मात्र बदललें. पूर्वीं मुख्यतः रुईच्या गाठी समुद्र ओलांडीत. आज सूत, कापड, चादरी, टॉवेल आणि तयार कपडे मोठ्या प्रमाणावर जातात. तिरुप्पूरचा कारखानदार सदरे परदेशीं पाठवूं शकला नाहीं, तर तो सूत घेत नाहीं. सूत पडून राहिलें तर गिरणी रुई घेत नाहीं. आणि रुई पडून राहिली तर खामगांवच्या बाजारांत बोली उतरते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जहाजाचें भाडें चढलें म्हणजे परदेशांतून येणारा कापूसही महाग पडतो, आणि तेवढ्यापुरता आमचा बचाव होतो. परंतु कापडाचें गिऱ्हाईक गेल्यावर या बचावाचा उपयोग थोडाच.

कापड आज समुद्रावरून कसें जातें, हेंही कास्तकारास ठाऊक असावें. पूर्वीं गाठी व पेट्या हमालांच्या पाठीवरून एकेक करून जहाजाच्या पोटांत जात. माल भिजे, फाटे, चोरीस जाई, आणि जहाज अनेक दिवस बंदरांत अडकून पडे. २६ एप्रिल १९५६ रोजीं अमेरिकेंत माल्कम मॅक्लीन या मोटारवाहतूक करणाऱ्या गृहस्थानें ‘आयडियल एक्स’ जहाजावर ५८ पेटारे चढवून नेले. तेथपासून कंटेनरचें युग आलें. आमच्या बाजूचा माल मुख्यतः न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतून जातो. तें बंदर १९८९ सालीं सुरू झालें. वीस फूट आणि चाळीस फूट लांबीचे हे कंटेनर कारखान्याच्या दारांत भरून, कुलूप व मोहोर लावून पाठवितां येतात. माल जहाजावर चढला म्हणजे जहाज कंपनी ‘बिल ऑफ लेडिंग’ नांवाची भरतपावती देते. ही पावती साधी नव्हे. ज्याच्या हातीं ती, त्याचा मालावर हक्क. शेतीच्या भाषेंत सांगावयाचें तर समुद्रावरील मालाचा हा सात-बाराच होय.

विक्रीचे मुख्य प्रकार दोन. एकांत विकणारा माल बंदरांतील जहाजावर चढवून मोकळा होतो आणि पुढील भाडें व विमा घेणारा पाहतो; यास एफ. ओ. बी. म्हणतात. दुसऱ्यांत भाडें आणि विमा विकणाराच भरतो, यास सी. आय. एफ. म्हणतात. आपल्याकडील कपड्यांचा व्यापार पुष्कळसा पहिल्या प्रकारानें चालतो, म्हणजे जहाज कोणतें आणि भाडें किती हें ठरविण्याची सत्ता बहुधा परदेशी गिऱ्हाइकाच्या हातीं राहते. जोखीम टळते हें खरें. परंतु त्याबरोबर अक्कल आणि अधिकार हींही परक्याच्या हातीं जातात.

कंटेनरच्या हिशेबांत आणखी एक मर्म आहे. चाळीस फुटी कंटेनरमध्यें रुईच्या गाठी भरल्या, तर त्याचें वजन सुमारें पंचवीस टनांपर्यंत जातें. त्याच कंटेनरमध्यें तयार कपडे भरले, तर वजन निम्म्याहून कमी, परंतु किंमत बरीच अधिक. भाडें मुख्यतः पेटाऱ्यास द्यावयाचें. आंतील मालाच्या किमतीशीं त्याचा संबंध थोडा. म्हणून भाडें दुप्पट झालें, तर रुईचा व्यापार मोडतो, पण कपड्याचा व्यापार वांकून का होईना उभा राहतो. कच्चा माल विकणाऱ्यास समुद्र नेहमींच महाग पडतो; पक्का माल विकणाऱ्यास तो त्या मानानें स्वस्त पडतो. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीं खरी होती आणि आजही खरी आहे.

अलीकडील वर्षांनीं याचा अनुभव भरपूर दिला. मार्च १९२१ नव्हे, तर अवघ्या कांहीं वर्षांपूर्वींच्या मार्च २०२१ मध्यें ‘एव्हर गिव्हन’ नांवाचें एकच जहाज सुवेझच्या कालव्यांत आडवें अडकलें आणि सहा दिवस सारा मार्ग बंद पडला. त्याच वर्षीं कंटेनरांचें भाडें अनेक पटींनीं वाढलें. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले होऊं लागले, तेव्हां मोठमोठ्या कंपन्यांनीं आपलीं जहाजें आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून नेलीं. युरोपचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनीं लांबला. हंगामी कपडे उशिरां पोहोंचले म्हणजे त्यांची किंमत उतरते. संक्रांत झाल्यावर तिळगूळ कोण घेतो?

ऑगस्ट २०२५ मध्यें तर याहून सरळ धडा मिळाला. अमेरिकेनें आपल्या देशांतून जाणाऱ्या बहुतेक मालावरील जकात त्या महिन्याच्या २७ तारखेपासून शेंकडा ५० पर्यंत नेली. कापडवाल्यांस दिलासा म्हणून आपल्या सरकारनें परदेशी कापसावरील शेंकडा ११ जकात १९ ऑगस्टपासून माफ केली आणि ती माफी पुढें ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली. म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामांत परदेशी कापूस बिनजकात आला. त्या हंगामासाठीं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ८,११० रुपये ठरलेला असतां खासगी खरेदींत पुष्कळ ठिकाणीं त्याहून खालीं भाव फुटला. कारखानदारास मदत नको असें आमचें म्हणणें नाहीं. गिरणी जगली तरच कापूस विकेल. परंतु एकाचें ओझें उतरवितांना तें दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणें ही मदत नव्हे, ही अदलाबदल आहे. जकात माफ करावयाची तर ती वेचणी आटोपून कास्तकाराचा माल विकला गेल्यानंतरच्या महिन्यांत करावी, येवढें मागण्याचा आमचा हक्क आहे.

आतां प्रश्न असा कीं, कास्तकारानें करावें काय? उत्तर शोधण्यापूर्वीं एक जुनी गोष्ट सांगतों. ती याच मालाची आणि याच समुद्राची आहे. १८९० नंतरच्या काळांत मुंबईहून चीन-जपानकडे जाणारें सूत आणि कापूस वाहून नेण्याचें काम पी. अँड ओ. व तिच्या जोडीदार कंपन्यांच्या मुठींत होतें, आणि त्या म्हणतील तें भाडें द्यावें लागे. नागपुरास १८७७ सालीं एम्प्रेस मिल चालू करणारे जमशेटजी टाटा १८९३ सालीं जपानास गेले आणि तेथील निप्पॉन यूसेन कैशा कंपनीशीं करार करून त्यांनीं स्वतःच्या जोखमीवर भाड्याचीं जहाजें सुरू केलीं. पी. अँड ओ. ने लगेच आपलें भाडें टनास दीड रुपयापर्यंत खालीं आणलें. आमच्याच व्यापाऱ्यांनीं त्या क्षणिक स्वस्ताईस भुलून टाटांची साथ सोडली. टाटांचीं जहाजें बंद पडलीं. जपानची कंपनी मात्र टिकली. कारण तेथील सूतगिरण्यांच्या संघानें आपला कापूस त्याच कंपनीच्या जहाजांतून आणण्याचा करार केला होता आणि स्वस्त भाड्याचें आमिष दाखवूनही तो संघ फुटला नाहीं. जहाजें दोघांचीं होतीं, माल एकच होता, शत्रूही एकच होता. एकाच्या मागें एकी होती आणि दुसऱ्याच्या मागें ती नव्हती, येवढाच फरक.

या गोष्टीचें तात्पर्य आमच्या संस्थेस चांगलें लागू पडतें. जहाजें काढावीं असा उपदेश आम्हीं करीत नाहीं; परंतु आपल्या हातीं असलेलें काम एकजुटीनें करावें, असें मात्र आग्रहानें सांगतों. तें काम म्हणजे स्वच्छ कापूस. १७० किलोच्या एका गाठीस सुमारें पांच क्विंटल कपाशी लागते. म्हणजे एकेका गाठींत अनेकदां दोन-तीन घरांचा माल असतो. त्यांपैकीं एकानें खताच्या प्लास्टिक पोत्यांत वेचणी केली आणि त्या पोत्याचे धागे कपाशींत मिसळले, तर ते जिनमध्यें निघत नाहींत, सुतांत जातात, कापडांत विणले जातात, आणि कापड रंगविल्यावर प्लास्टिकचा धागा रंग न घेतल्यामुळें पांढरा उठून दिसतो. परदेशीं पोहोंचलेला तागा तेथें नाकारला जातो. त्या दिवशीं जहाजाचें भाडें जाण्याचें वांया जातेंच, आणि येण्याचें नव्यानें बसतें. आमच्या शेतांतील एका सुतळीची किंमत समुद्रापलीकडे येवढी होते.

पाण्याचेंही तसेंच. वजन वाढावें म्हणून कपाशीवर वा रुईवर पाणी मारण्याची खोड कोणाकोणास आहे. कंटेनर दिवसा तापतो आणि रात्रीं गार पडतो. आंतील ओल वर छतास जाऊन थेंबाथेंबानें मालावर गळते. म्हणून कपडे पाठविणारे ओल शोषणाऱ्या पुड्या आंत टांगतात. ओली रुई दाबून बांधली म्हणजे तिला बुरशी लागते, रंग पिवळा पडतो आणि धाग्याचा कस जातो. आग लागली तर दाबलेली गाठ आंतल्या आंत धुमसत राहते, हा दुसरा धोका. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर आग लागली. त्याच्या पोटांत दारूगोळा आणि कापसाच्या हजारों गाठी होत्या. त्या स्फोटानें शेंकडों माणसें गेलीं, त्यांत आग विझविणारे ६६ जवान होते. कापूस हा सोसेल तसा हाताळण्याचा माल नव्हे.

यावर कास्तकाराचा एक आक्षेप आहे, आणि तो आम्हीं खरा मानतों. तो म्हणतो, “साहेब, मीं सुती कापडाच्या झोळींत वेचणी केली, कवडी वेगळी काढली, फरदड मिसळली नाहीं, तरी बाजारांत माझा माल त्याच ढिगावर पडला आणि भाव तोच मिळाला. मग मीं मजुरी कां वाढवावी?” एकट्यानें केलेल्या स्वच्छतेस बाजारांत मोल नाहीं, हें दुर्दैवानें खरें आहे. कारण घेणाऱ्यास एक गाडी नको असते. त्यास शंभर-दीडशें गाठींचा एकजात माल हवा असतो, म्हणजे त्याचा कंटेनर एकाच गुणाच्या मालानें भरतो. येवढा माल एकटा कास्तकार देऊं शकत नाहीं; गांवाची संस्था देऊं शकते.

म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक मोठ्या गांवीं निदान पन्नास घरांनीं एकाच वाणाची लागवड करावी. संस्थेनें वेचणीच्या आरंभींच सुती झोळ्या पुरवाव्या. माल वेगळा साठवून वेगळा जिन करावा आणि गाठीवर क्रमांक घालून तिची तपासणी करून घ्यावी. ७ ऑक्टोबर २०२० रोजीं आपल्या देशाच्या कापसास ‘कस्तुरी’ हें नांव देण्यांत आलें. त्या योजनेंत गाठीवर खूण असते आणि ती गाठ कोठून आली हें शोधतां येतें. नांव चांगलें आहे. परंतु कस्तुरीचा वास हरणाच्या नाभींतून येतो, चिठ्ठींतून नव्हे. माल स्वच्छ नसेल तर चिठ्ठीनें काय होणार?

दुसरी सूचना जिल्ह्याच्या पुढाऱ्यांस आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजीं अमरावतीच्या एक हजार एकरांवरील वस्त्रोद्यान प्रकल्पाची कोनशिला बसविण्यांत आली. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्यें पूर्ण झाला. तो आमच्या मेहकर व सिंदखेडराजा भागांतून जातो. रस्ता झाला, परंतु रस्त्यावरून काय जाणार, हा प्रश्न उरतोच. आमच्या जिल्ह्यांतून रुईच जाणार आणि सदरा परत येणार असेल, तर १८७० च्या आगगाडींत आणि या महामार्गांत वेगाखेरीज भेद कोणता? जिल्ह्यांतच सूत व्हावें, येथील मुलींनीं व मुलांनीं शिवणाचें काम शिकावें, आणि आमच्या कंटेनरमध्यें अधिक मोलाचा माल भरला जावा, यासाठीं त्यांनीं झटावें.

समुद्राची भरती-ओहोटी आमच्या हातीं नाहीं; परक्या राजांच्या जकाती आणि लढायाही नाहींत. वेचणीची झोळी मात्र आमच्या हातीं आहे आणि संस्थेची सभाही आमच्या हातीं आहे. पुढील वार्षिक सभेंत या विषयास पहिलें स्थान मिळावें, आणि येत्या हंगामांत निदान पांच गांवांनीं हा प्रयोग करून त्याचा जमाखर्च याच मासिकांत छापावा, अशी आमची सर्व सभासदांस विनंति आहे. तो जमाखर्च तोट्याचा आला तरी छापावा. खरा आंकडा कास्तकारास आजवर फार थोडा मिळाला आहे.